आदर

—हो, मग? म्हणाली असेल नर्स. नर्सा दिवसभर काहीतरी बोलतच असतात. 'मा, मेयेके एकटू आदर कोरून' — असं म्हणत तिनं तुझ्या सुनीतीच्या केसांवरून हात फिरवला, गालाला गाल लावून दाखवला, आणि तुझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बरं. पडला. म्हणून भर दुपारी हॉस्पिटलातनं उठून, चपला पायात तशाच ठेवून, थेट माझ्या वरच्या मजल्यावर? बस आधी, सरला. बस म्हणते ना. त्या वेताच्या खुर्चीवर नको, ती भुलोची आहे — हो, कुत्र्याचीच. कुत्र्याला खुर्ची नसावी असं भाडेचिठ्ठीत कुठे लिहिलंय का? इकडे स्टुलावर बस. लाइट सकाळपासून गेलेत, हा घे हातपंखा. नको? पाणी? तेही नको. ठीक आहे, मी आग्रह करणार नाही. आग्रह करून घालायचं आणि मागनं ऐकून घ्यायचं, हे मला सव्वीस वर्षांत कलकत्त्यानं शिकवलं नाही.

तर तुझं म्हणणं काय — की डॉक्टर घोषालांनी मार्चमध्ये सांगितलं होतं, मुलीला कुत्र्याचे लाड करू देऊ नका, जवळ घेऊ देऊ नका, आणि मी तुला सांगितलं भलतंच. असंच ना? आता मी सांगते, तू ऐक. श्रीकांतराव कुठे होते? कूचबिहारला. बँकेचं इन्स्पेक्शन. महिन्यातले वीस दिवस माणूस बाहेर आणि बायकोला बंगालीतलं 'जल' सोडून एक अक्षर येत नाही. तुझं हिंदी साताऱ्याचं, डॉक्टरांचं हिंदी त्याहून दिव्य, आणि इंग्रजी बोलायला लागले की तू माझ्या पदराकडे बघणार. कोण आलं तुझ्याबरोबर? सुनीतीला रिक्षात मांडीवर कोणी घेतलं? मी. चार वेळा. प्रेमलताकाकू नसत्या तर तुला त्या दवाखान्याची पायरी सापडली नसती. आणि ते काय म्हणाले, ते मी तुला शब्दाला शब्द सांगितलं. 'मेयेके कुकूरटाके आदर कोरते देबेन ना, एकदम ना.' मी म्हटलं — डॉक्टर म्हणतात, मुलीला कुत्र्याचा आदर करू देऊ नका, मुळीच नको. एक कानामात्रा इकडची तिकडे नाही. हसलीस तू. मी हसवलं नव्हतं. तूच म्हणालीस, 'अगंबाई, हे बंगाली म्हणजे! कुत्र्याला कोण आदर देतं?' मग तुलाच आठवलं, की तुम्ही घरात सगळी त्याला 'या भुलोजीराव, बसा भुलोजीराव' म्हणता. ते बंद केलंत त्याच दिवशी. डॉक्टरांची आज्ञा! अरेतुरे सुरू. आणि तुझी लेक — मी या कठड्यावरून बघत होते ना — दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकून, त्याच्या कानावर गाल घासत, 'अरे भुल्या, आज तुला आदर नाही हं, अजिबात नाही!' हसता हसता पुरेवाट. तूही हसत होतीस, सरला. तांदूळ निवडत दारात बसली होतीस आणि हसत होतीस.

रडू नकोस. रडायचं असेल तर खाली जाऊन रड, मला दुपारी रडणं सहन होत नाही.

इथे सगळे शब्द आपले आणि अर्थ परके, त्याला मी काय करू? आता ते 'शिक्षा'चंच घे. डॉक्टरांनी मला विचारलं, कुत्र्याचा कान वाहतो, तर तुम्ही औषध काय देता? मी खरं ते सांगितलं. मला लपवायचं काय कारण? आमचे हे औषध कंपनीत होते, डॉक्टरांना नमुने वाटत आसाम-बिहार पालथं घालायचे. ते गेले, नमुन्यांच्या पेट्या राहिल्या. टेट्रासायक्लिन आहे, पेनिसिलिन आहे, क्लोरोमायसेटिन आहे, हे कपाट बघ, वरपासून खालपर्यंत. टाकून देऊ? भुलो शिंकला की अर्धी कॅप्सूल, जेवला नाही की अर्धी, कानाला वास आला की अर्धी. संदेश मिठाईत दाबून दिली की गपकन खातो. दोन दिवस दिली, बरा दिसला की बंद. आठ वर्षं असंच चाललंय, काही बिघडलं नाही त्याचं. तर डॉक्टर कपाळावर हात मारून म्हणतात, 'आपनि तो जीवाणुके शिक्षा दियेछेन!' मला आधी बरंच वाटलं! म्हटलं, चला, जंतूंना शिक्षा केली, शाबासकी देताहेत. पण नाही, इथे शिक्षा म्हणजे शिक्षण. अर्धं अर्धं औषध चारून मी म्हणे त्याच्या कानातल्या जंतूंना शिकवून शहाणं केलं, आता त्यांना कुठलंच औषध बाधत नाही. आणि तेच शहाणे जंतू तुझ्या सुनीतीच्या पायात. सरस्वतीपूजेला पिवळं लुगडं गुंडाळून ती जिन्यावरून धडपडली, नडगी सोलली, भुलोनं चाटली — एवढंच. कुत्रा चाटणारच. कुत्र्याच्या जिभेनं जखम भरते असं आमच्या आजोळी म्हणायचे.

हो, कापसावर त्याच्या कानातलं पाणी नेलं होतं त्यांनी, तुझ्यासमोरच. आणि हिच्या पायातला पू. दोन्ही तपासायला गेलं, दोन्हीकडे एकच जंतू निघाला, एकच औषधांची यादी, आणि प्रत्येकापुढे 'चालत नाही'. हे पण तुला सांगितलंच होतं मी. नव्हतं? —आठवत नाही तुला. मला तर स्पष्ट आठवतंय, रिक्षात सांगितलं. निदान सांगायचं मनात होतं, तू सुनीतीला मोसंबं सोलत होतीस. असो. पुढे डॉक्टरांनी कुठूनसं ते नवीन इंजेक्शन मागवलं, जखम सुकली, खपली धरली. झालं होतं सगळं. एप्रिलात मुलगी उड्या मारत होती. मग परत चिघळलं तर त्यात माझा काय दोष?

काय म्हणालीस? जरा मोठ्यानं बोल, तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस.

'चेष्टा'. हं. आहे लक्षात. परवा गुरुवारी सर्जन बाहेर आले, तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि म्हणाले, 'आमरा खूब चेष्टा कोरेछि.' आणि तू त्यांच्या अंगावर धावून गेलीस — 'माझ्या मुलीचा पाय कापलात आणि वर चेष्टा केली म्हणता?' अख्खा व्हरांडा बघत होता. मीच तुला धरलं, मीच सांगितलं, अगं वेडे, बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, ते म्हणताहेत आम्ही खूप प्रयत्न केला. लगेच सांगितलं, एक क्षण नाही लावला. —मग? चेष्टा कळते तर आदर कसा कळला नाही? वकिलीण झालीस की गं! पाचवी शिकलेली तू —सातवी? सातवी. सातवी शिकलेली तू मला उलटतपासणी घालणार? एखादा शब्द माहीत असतो, एखादा नसतो. तुला मराठीतले सगळे शब्द येतात का? मी मराठीच बाई आहे, आदर म्हटलं की मला आदरच ऐकू येणार. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

ये रे, ये बाळा. उठला का? बघ, आवाज चढला की उठतो बिचारा. ये, खुर्चीवर ये — पाय वर घेतलेस? घे, घे. पदरही वर घे. काही करत नाही तो, दात उरलेत कुठे त्याला. तुझ्या पायाशी येतो तो वास घ्यायला, तुझ्या साडीला सुनीतीचा वास आहे. शोधतोय तिला. चार दिवस खाली जिन्याशी बसून असतो. माणसांपेक्षा जनावराला जास्त कळतं.

सोमवारी आणणार ना तिला? म्हणजे परवा. आणि श्रीकांतरावांचा निरोप काय, तर तोपर्यंत कुत्रा घरातून गेला पाहिजे. अजून ओली जखम आहे, टाके आहेत, हेच जंतू पुन्हा लागले तर पाय उरला नाही कापायला, डॉक्टर म्हणाले मुलगीच जाईल. ऐकलं मी. सकाळी जिन्यात उभं राहून बोलत होता तुम्ही, मला ऐकू जावं म्हणूनच. म्युनिसिपालिटीची कुत्रे धरायची गाडी बोलावणार म्हणे. बोलवा. गळ्यात पट्टा आहे त्याच्या, घर माझ्या नावावर आहे, बघू कोण धरतो ते.

अगं, याला मी कुठे टाकू? सांग ना. डमडम स्टेशनावर सोडून येऊ? अकरा वर्षांचा आहे. डोळ्यांत मोतीबिंदू. हे वारले तेव्हा या घरात कोण होतं? तुम्ही नव्हता. महाराष्ट्र मंडळातल्या बायका आल्या, तेराव्यापर्यंत आळीपाळीनं वरणभात करून गेल्या, मग कोणी फिरकलं नाही. मूल नाही, बाळ नाही. हा होता. माझ्या उशाशी बसून असायचा, मी उठले की उठायचा. तान्ह्यासारखा वाढवलाय मी त्याला, कापसाची वात करून दूध पाजलंय. आमची बासंती — तू नाही पाहिलीस, जुनी मोलकरीण, तुम्ही यायच्या आधीच गेली ती गावाला — ती रोज ओरडायची मला, 'ऐतो आदर दिओ ना मा, माथाय उठबे!' एवढे लाड करू नकोस, बाई, डोक्यावर बसेल! मी म्हणायची, बसू दे, माझंच डोकं आहे, रिकामंच तर —

काय?

अशी काय बघतेस?

हो. आदर म्हणाली ती. म्हणाली असेल. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट, त्या बायका काय वाट्टेल ते — बरं. बरं, सरला. राहू दे. उगाच किती बोलायचं, घसा सुकला माझा. माहीत होतं मला. झालं समाधान? आदर म्हणजे लाड, आदर म्हणजे कुरवाळणं, पापे घेणं, मांडीवर घेणं. इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे, मला नसेल? सव्वीस वर्षं मी या लोकांत काढली. डॉक्टर बोलले त्याच क्षणी मला कळलं, आणि पुढचंही कळलं, की तुला हे सांगितलं तर तू काय करशील. आज जे करते आहेस तेच. स्टुलावर बसून म्हणशील, कुत्रा घालवा. मग मी शब्द जसाच्या तसा उचलला आणि तुझ्या ओंजळीत ठेवला. खोटं बोलले नाही. एक अक्षर खोटं नाही. तूच चुकीचा अर्थ घेतलास, मी फक्त दुरुस्त केला नाही. पोरांचे गुडघे फुटतात आणि भरतात, मला वाटलं भरेल. मी काय तिचा पाय मागितला होता? नडगीवरचं खरचटणं, त्यासाठी माझा कुत्रा? तुझ्याजवळ नवरा आहे, मुलगी आहे, अजून दोन होतील. उद्या बदली झाली की ट्रंका बांधून चालायला लागाल, पुण्याला नाहीतर नागपूरला, आणि पत्रसुद्धा टाकणार नाही. माझ्याजवळ हा एवढा आहे. मोजून बघितलं मी त्या दिवशी, घोषालांच्या टेबलाशी बसल्या बसल्या. वेळ लागला नाही.

वाईट वाटतं का विचारतेस? वाटतं. गुरुवारी रात्री जेवले नाही मी. पण तो जेवला. त्याला भरवलं आणि झोपले.

ऊठ आता. —ऊठ ना. जाशील तेव्हा सुनीतीला विचारत बसू नकोस काही, तिनं मला शपथ घातली आहे. कसली म्हणजे? कसली नाही. पोरांच्या शपथा त्या. —हात सोड माझा. नखं लागताहेत, सरला. भुलो गुरगुरेल हं. सोड, सांगते.

तिला कळलं होतं. तुझ्या लेकीला. तुला नाही कळलं ते सहा वर्षांच्या पोरीला कळलं, शाळेत जाते ना ती बंगाल्यांच्यात, त्यांची मिस रोज म्हणते आदर, आदर. एप्रिलातच, खपली धरली होती तेव्हा, आली वर जिना चढून. म्हणाली, 'काकू, आदर म्हणजे मान नाही काही. आदर म्हणजे असं' — आणि भुलोला मिठी मारून दाखवली, लगेच हात मागे घेतले, फ्रॉकला पुसले. 'डॉक्टरकाका म्हणाले असं करायचं नाही. आई चुकली का?' अगदी असं विचारलं, डोळे मोठे करून. खाली जाऊन तुला सांगणार होती. मी काय करायला हवं होतं तेव्हा? तू असतीस तर काय केलं असतंस? मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, 'शाळेतलं बंगाली शाळेत. घरात आई सांगेल तो अर्थ खरा. आई कधी चुकते का गं?' विचार केला तिनं. बराच वेळ केला. मग म्हणाली, 'नाही.' आणि पुन्हा बसली त्याच्या गळ्यात हात घालून.

आणि काल हॉस्पिटलात, तू डबा धुवायला नळावर गेलीस तेव्हा, मला कानाशी बोलावून म्हणाली, 'मला माहीत होतं तरी मी आदर केला, म्हणून पाय गेला. आईला सांगू नका, आईला वाईट वाटेल.' शपथ घातली. मी म्हटलं, नाही सांगणार. गुणी मुलगी आहे हो तुझी.

जा आता. पाचला भेटायची वेळ, आत्ताची बस चुकली तर पुढची मिळायची नाही. आणि सोमवारी तिला आणलंत की खालचं दार आतून कडी घालून घेत जा. मी सांगून तो ऐकायचा नाही, त्याला तिची सवय झाली आहे.